विमान टेकेपर्यंत केर नाही

२०२३ सालच्या डिसेंबरातला सोमवार. दत्तजयंतीला आठवडा उरला होता, म्हणून राजेश्वरीबाईंच्या तो दिवस पक्का लक्षात राहिला.

माणूस घरातून निघाला की त्याच्यामागे लगेच केर काढायचा नाही, ही त्यांच्या सासूची, बनुबाईंची शिस्त. राजेश्वरीबाईंचे यजमान सुभेदार लालासाहेब रजा संपवून पलटणीत निघाले, की सातारा रोड स्टेशनातून गाडी सुटली असेल असा अंदाज येईपर्यंत बनुबाई केरसुणीला कुणाला हात लावू देत नसत. पुढे लालासाहेबांनी सांगलीला विश्रामबागेत घर बांधलं. बनुबाई गेल्या, लालासाहेबही गेले. घरात राजेश्वरीबाई आणि ती शिस्त तेवढी उरली.

मुलगा जयराज पुण्याला. कंपनीच्या कामाला दर सोमवारी सकाळी सहा चाळीसच्या विमानानं दिल्लीला जायचा. अकरा वर्षं एकच विमान कंपनी, गगनदूत. तिच्या साठलेल्या पॉइंटांवर त्यानं एकदा आईवडलांना काशीला नेलं होतं. त्या विमानातल्या पोरीनं ‘सुभेदारसाहेब, पाणी?’ असं विचारलं, हे लालासाहेब मरेपर्यंत येईल त्याला सांगत. तेव्हापासून गगनदूत म्हणजे घरचीच गाडी. विमान कुठवर गेलं ते फोनवर बघायलाही जयराजनंच शिकवलं होतं. ते बारकं पिवळं विमान दिल्लीत टेकलं, की मगच घरकामाला येणाऱ्या रंगूबाईच्या हातात केरसुणी जायची.

“दिल्लीत इमान उतरल्याबिगर सांगलीत केर न्हाई,” रंगूबाई उंबऱ्यावर बसून म्हणायची, “असलं घर म्या तर कुटं बगितलं न्हाई, आक्का. मला अजून चार घरं हायती.”

“चहा घे. भोपाळ ओलांडलंय.”

“त्या भोपाळला लय येळ लागतोय बगा.”

त्या सोमवारी मात्र फोनवर लाल अक्षरं आली. विमान रद्द. दिल्लीत धुकं होतं.

राजेश्वरीबाईंनी दोनदा चष्मा पुसला. जयराज गेलाच नाही म्हणजे. दिवस मोकळा झाला त्याचा. पुण्याहून निघाला तर जेवायला घरी. दिवाळीला दोन दिवस आला होता, त्यातला एक झोपण्यात गेला. त्यांनी फोन लावला, तो बंद. गाडी चालवत असेल, त्यांनी ठरवून टाकलं.

“रंगू, काढ केर. आज कुणी कुठं गेलेलं नाही. आणि वांगी चिरून ठेव, जयराज येतोय.”

“तसं बोलला व्हय?”

“बोलायला कशाला पाहिजे?”

रंगूबाईनं कोपरान् कोपरा झाडला. भरल्या वांग्याचा वास घरभर सुटला, तेव्हा साडेनऊला फोन वाजला.

“आई, फोन केला होतास?”

“कुठवर आलास?”

“कुठवर म्हणजे? दिल्लीत उतरलो आत्ताच.”

“अरे, तुझं विमान तर रद्द झालं!”

“ते गगनदूतचं. मी ते सोडून वर्ष झालं, आई. बाबांच्या वर्षश्राद्धाला मी पोचलो नव्हतो, आठवतं ना? गगनदूतनं असंच विमान रद्द केलं होतं. अकरा वर्षांचं कार्ड दाखवलं, तर त्यांची बाई म्हणाली, उद्या बघू. त्या दिवशीच ठरवलं. आता दुसऱ्या कंपनीनं येतो-जातो.”

“मला बोलला नाहीस.”

“त्यात काय बोलायचं? विमान ते विमान. बरं, ठेवतो, गाडी आलीय.”

राजेश्वरीबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. वर्षभर, सोमवारमागून सोमवार, त्यांनी भलतंच विमान दिल्लीला पोचवलं होतं. आणि आज तो खरोखर आभाळात होता, तेव्हा घर लख्ख झाडून घेतलं होतं. तरी तो सुखरूप उतरला. त्याला त्यांच्या केर न काढण्याची काही गरजच नव्हती.

रंगूबाईला सगळं ऐकू गेलं होतं. ती पदराला हात पुसत म्हणाली, “आवं आक्का, त्या इमानात बी कुणाकुणाची लेकरं व्हतीच की.”

राजेश्वरीबाईंनी डब्यात वांगी भरली आणि तो डबा रंगूबाईच्या हातात दिला.

जयराजनं पुढचे दोन सोमवार आठवणीनं नव्या विमानाचा नंबर पाठवला. तिसऱ्या सोमवारी विसरला, आणि त्यांनी मागितला नाही. पुढच्या वर्षी तो दिल्लीलाच बिऱ्हाड घेऊन गेला. दिवाळीला मिळेल त्या विमानानं येतो. रंगूबाईचे गुडघे गेले, ती लेकीकडे कवठे महांकाळला असते. गगनदूतचं सहा चाळीसचं विमान अजून चालू आहे.

सोमवारी राजेश्वरीबाई फोन हातात घेऊन उंबऱ्यावर बसतात. त्या विमानात आपलं कुणी नाही, हे त्यांना ठाऊक असतं. भोपाळला अजूनही फार वेळ लागतो. विमान टेकलं की त्या गुडघ्यावर हात ठेवून उठतात, आणि स्वतःच केर काढतात.