पेटाऱ्यातली हिरवी पट्टी

माझ्या गळ्याची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर चार पाहुण्यांसमोर माझी कवळी ताटात पडो. तुम्ही म्हणाल, आजी, तुमच्या शपथा आम्हाला ठाऊक आहेत, मागच्या खेपेला तुम्ही मांजराकडून शिट्टी वाजवून घेतली होती. ते मांजर वेगळं, ही गोष्ट वेगळी. ही माझ्याच घरात घडली, आणि हिच्यात मला असं काही फसवलं गेलं की अजून आठवलं तरी घास घशाखाली उतरत नाही.

माझी लेक सिनेमे बनवते. नाचगाण्यांचे नव्हेत, खऱ्या माणसांचे. नदीवर पूल झाला आणि होडी बंद पडली, तर त्या होडीच्या म्हाताऱ्या नावाड्यावर तिचा सिनेमा चालला होता. नावाडी म्हणजे एक वल्ली. कॅमेरा दिसला की तोंडाला कुलूप. ही त्याच्या पायरीवर जाऊन इतकी बसली, इतकी बसली की तिथे तिच्या बसण्याचा खळगा पडला. मग एक दिवस तो बोलायला लागला तो थांबेचना. शेवटच्या खेपेची सगळी हकिगत सांगितली. हसला, रडला, पुन्हा हसला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. त्याचं ते बोलणं आता सगळ्या जगात एकाच ठिकाणी होतं, आमच्या जिन्याखालच्या पेटाऱ्यात.

पेटारा म्हणजे लेकीने स्वतःच्या हाताने जोडलेला कॉम्प्युटर. ती त्याला सर्व्हर म्हणते. ना पडदा, ना कीबोर्ड. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेली काळी पेटी, आत एकावर एक डिस्का रचलेल्या, आणि पुढे एक हिरवा दिवा. घरात कुठेही बसून त्यात काही ठेवा, त्यातून काही काढा. लेकीची पद्धत अशी की, कॅमेऱ्याचं कार्ड पेटाऱ्यात ओतायचं आणि कार्ड पुसून पुन्हा वापरायला घ्यायचं. नावाड्याचंही तसंच ओतलं, तसंच पुसलं.

आणि त्याच आठवड्यात पेटारा पडायला लागला.

पडायला म्हणजे जमिनीवर नव्हे हो. चालता चालता गप्प. लेक वरून हाक मारायची, "आई, दिवा आहे का गं?" मी जिन्याखाली वाकून बघायची. दिवा असायचा, पण पेटाऱ्यात जीव नसायचा. बटण दाबून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. थोडं चालला की पुन्हा मान टाकली.

"सगळं गेलं तर?" लेकीच्या ओठांवर रंग नव्हता. "आई, तो माणूस आता परत बोलणार नाहीये."

तेव्हा माझे जावईबापू पुढे सरसावले. हे जावईबापू माझे लाडके, हे आधीच सांगते. नवराबायकोचं वाजलं की मी डोळे मिटून त्यांच्या बाजूने. लेक म्हणायची, "तू माझी आई आहेस की त्याची?" मी म्हणायची, "तो निदान चहा विचारतो."

जावईबापूंनी हातात टॉर्च घेतला, चेहऱ्यावर मोठ्या डॉक्टरांचे भाव आणले आणि म्हणाले, "गरम होतोय. आत धूळ असणार."

पेटारा उघडला. आतून एवढी धूळ निघाली की तिने एक उशी भरली असती. मी भरलीही. टेबलफॅन आणून पुढे लावला. पेटारा इतका गार झाला की मांजर त्याच्या अंगावरून उठून गेलं. आणि तरीही दुपारी पेटारा आडवा.

"वायरी ढिल्या असतील," जावईबापू.

वायरी बदलल्या. आडवा.

"मग आई, तुम्ही मिक्सर कुठे लावता?"

मी म्हटलं, "स्वयंपाकघरात. आणि कुठे लावू, गच्चीवर?"

"तसं नाही हो. जिन्याखालची आणि स्वयंपाकघरातली लाइन एकच आहे. तुमचा मिक्सर फिरला की इकडे झटका बसत असणार."

झालं. मिक्सरवर बंदी आली. इस्त्रीवर बंदी आली. वाटण पाट्यावर वाटून माझे खांदे निखळायला आले. पेटारा पडला की लेक आधी माझ्याकडे बघायची. "आई, खरं सांग, काही लावलं होतंस?" पोटच्या पोरीने असं विचारावं! मी डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "अगं, मी आता श्वाससुद्धा हळू घेते." जावईबापू मागे उभे राहून म्हणाले, "जाऊ दे, वय झालंय त्यांचं, विसरतात." असं प्रेमाने म्हणाले की मलाच वाटायला लागलं, खरंच मी काही लावलं होतं की काय.

लेकीने मग वीज देणारा डबाच नवा आणून बसवला. तरी आडवा. डिस्का एकेक करून तपासल्या. सगळ्या ठणठणीत. ती डोकं धरून जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मेमरी बघूया. डिस्कांवर लिहिलं जातं ते सगळं आधी तिच्यातूनच जातं."

"मेमरी नवीन आहे," जावईबापू लगेच म्हणाले. "तूच जोडी आणून घातलीस ना आत्ता आत्ता? ती कशाला उपसायची?"

हे त्यांनी एकदा नाही, जेव्हा जेव्हा मेमरीचा विषय निघाला तेव्हा तेव्हा म्हटलं. माझ्या कानांनी ऐकलंय. कवळी खोटी आहे, कान खरे आहेत.

एका सकाळी जावईबापू कामावर गेले आणि लेकीने कुणाला न विचारता मेमरीची चाचणी लावली. टीव्हीला पेटारा जोडला. मी शेंगा सोलत बघत होते. थोडा वेळ निळा पडदा, पांढरे आकडे. आणि मग लाल ओळ. मग लाल ओळींची रांगच, जशा काही मुंग्या निघाल्या वारुळातून. अख्खा टीव्ही लाल झाला. मला वाटलं आता टीव्हीच्या खालून गळायला लागणार.

लेकीने पेटारा बंद करून मेमरीच्या पट्ट्या उपसल्या. बोटाएवढ्या लांब, दोन. एक काळी, चकचकीत, वर लेबल लावलेली. दुसरी हिरवी, उघडीवाघडी, एका कोपऱ्याला चिकटपट्टीचा मळ.

"मी दोन्ही काळ्या आणल्या होत्या," लेक म्हणाली.

आम्ही दोघी त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिलो. मला तर तेव्हाच कळलं. कसं ते सांगते.

आमच्या घरात माझ्या सासूबाईंपासून एक शिस्त आहे. कुणी काही उचललं तर ती जागा मोकळी सोडायची नाही, तिथे दुसरं काही तरी ठेवायचं. म्हणजे शोधणाऱ्याला कळतं की वस्तू हरवलेली नाही, घरातल्याच कुणी तरी नेलीय. लेकीने ही शिस्त कधी पाळली नाही. पाळली ती एकट्या जावईबापूंनी, आणि काय पाळली! कात्री नेली की तिथे कंगवा. टॉर्च नेला की मेणबत्ती. एकदा माझा चष्मा नेला तर त्या जागी भिंग ठेवून गेले. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, लेकीने नाही पण जावयाने घराचं वळण उचललं.

मी लेकीला म्हटलं, "वर चल."

वर जावईबापूंचा खेळायचा कॉम्प्युटर आहे. एक बाजू काचेची, आत लाल-निळे दिवे, जत्रेतला पाळणाच जणू. काचेतून बघितलं. आत मेमरीच्या पट्ट्या ओळीने उभ्या, आणि शेवटची काळी, चकचकीत, लेबल लावलेली. पेटाऱ्यातलीच जुळी बहीण.

लेक हळूच म्हणाली, "जागा रिकामी सोडली असती ना, तरी एका पट्टीवर पेटारा चालला असता गं. हळू चालला असता, पण नीट."

हिरवी काढल्यावर पेटारा पडला नाही. लेक एकेक फाईल उघडून बघायला लागली. नावाड्याची पायरी आली, होडी आली, नावाडी स्वतः आला. आम्ही दोघी रडायच्या बेतात. मग शेवटच्या खेपेची हकिगत सुरू झाली. तो म्हणाला, "आणि त्या दिवशी मी वल्हं हातात घेतलं, आणि..." आणि त्याच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. हिरवे, जांभळे. आवाज किरकिरला आणि तुटला. पुढे नुसते चौकोन. लेकीने पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच. बिघडलेल्या मेमरीतून ओतलं गेलं ते तसंच लिहिलं गेलं होतं, आणि कार्ड तर केव्हाच पुसलेलं. हसणंही त्यात गेलं, रडणंही.

संध्याकाळी जावईबापू आले. लेकीने हिरवी पट्टी टेबलावर ठेवली. त्यांनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आई, चुकलं माझं. वाटलं होतं काही फरक पडणार नाही. मग पेटारा पडायला लागला तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही." मी म्हटलं, "मेल्या, माझे खांदे गेले ना रे." आणि त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.

लेकीने सिनेमा तसाच पुरा केला. नावाडी वल्हं हातात घेतो आणि पुढे नुसती नदी दिसते. लोक म्हणतात, काय शेवट केलाय! ती कुणालाच काही सांगत नाही.

आता तुम्ही असे टक लावून बघू नका. बरं बाबा, एक गोष्ट मी पदरची घातली. एकच. जावईबापू "चुकलं माझं" म्हणाले नाहीत. त्यांनी पट्टी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "आईंनी धूळ पुसताना अदलाबदल केली असेल."

आणि लेकीने, वरच्या काचेतली काळी पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेल्या माझ्या लेकीने, मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आई," ती म्हणाली, "खरं सांग."