सात पंज्यांची कणगी

मित्रांनो, चुलीच्या धुराने काळी पडलेली, कुशीला उंदरांनी कुरतडलेली ही बांबूची कणगी म्हणजे मी. आज माझ्यात तुटक्या टोपल्या भरून ठेवल्या आहेत. पण एके काळी बोईसरच्या पूर्वेकडच्या डोंगरपाड्यावर सात बायांची घरं माझ्या भरवशावर पावसाळा काढत.

पाड्यावरच्या चिंधूने मला विणलं आणि बायांनी शेणामातीने लिंपलं. तिकडे बोईसरला कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. पावसाळ्यात पाड्यावरची मडकी रिकामी होत. मग सावकाराच्या दारात उभं राहावं लागे. म्हणून बायांनी आपलं मंडळ काढलं. सुगीत प्रत्येकीने सूपभर नागली, म्हणजे नाचणी, माझ्यात ओतायची आणि भाताच्या रोपांची आवणी उरकली की सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची, असं ठरलं. शेतात जन्मभर राबलेल्या या बायांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच धान्य होतं. ते मंडळातल्याच ठकीच्या झोपडीत, माझ्या पोटात होतं.

पहिल्याच वर्षी ठकीच्या नवऱ्याने, देवूने, गुपचूप गोणभर नागली काढून दारूवर घालवली. तेव्हा त्यांच्यातली ठमी म्हणाली, "तोंड लिंपून टाकू. वर साऱ्यांचे पंजे उठवू. साऱ्याजणी असल्या तरच फोडायचं. कणसरीची आन!" कणसरी ही त्यांची धान्यदेवी.

ओल्या लिंपणावर एकेकीने हात दाबला. म्हातारी साखरबाई हसली, "जमने, पंजा हाय का अस्वलाचा पाय?"

"आनि तुजा कोंबडीचा! त्यात नागली तरी मावते का?"

त्यानंतर मला हात लावायची कुणा पुरुषाची छाती झाली नाही. शेजारच्या पाड्यांवरच्या बाया मला पाहायला येत. मला फार अभिमान वाटे.

पुढच्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि आवणी रखडली. घरोघरी रानातल्या उकडलेल्या कडूकंदांवर दिवस निघू लागले. जमना मजुरीने दूर माकुणसार गावी आवणीला गेली होती. अशात ठमीची धाकटी पोर तापाने पडली. तिच्या पोटात कंद ठरेना. ठमी तिला कडेवर घेऊन माझ्यापुढे आली.

"ठके, मूठभर नागली दे. पेज पाजते."

ठकीने मान खाली घातली. "वर जमनेचा पन हात हाय. कसा फोडू? आज तुज्यासाठी फोडला, तर उद्या देवू बोलंल, माज्यासाठी पन फोड. आनि आन तूच घातलीस ना?"

"हां. मीच."

ठमीने माझ्या लिंपणावर हात ठेवला. एक धोंडा मारला असता तर ते फुटलं असतं. पण तिनेही आण मोडली नाही. तिचा नवरा नवशा जमनेला आणायला तसाच पावसात निघाला. साखरबाई स्वतः उपाशी राहून आपल्या वाट्याचं कंदाचं पाणी पोरीला पाजू लागली. ठकी पोरीचे पाय चोळत बसे.

ओढ्याला पूर आला होता. नवशा अलीकडच्या काठावरच अडकून पडला. तो जमनेला घेऊन परतला, तेव्हा पोरीला माती दिली होती.

जमना चिखलाच्या पायांनी आत आली आणि तिने धोंड्याने माझं तोंड फोडलं. "माजा हात तोडायचा होता गं!" ती ओरडली. "हात तोडायचा आनि फोडायचं!"

आत नागली होती, पण त्या दिवशी कुणीही ती काढली नाही.

सुगी आली. ठमी येणार नाही, असं सगळ्यांना वाटलं होतं. ती आली. तिने आपलं सूप माझ्यात रिकामं केलं. ठकी लिंपायला शेणमाती कालवून बसली होती. ठमीने शेणमातीची पाटी उचलली आणि अंगणात पालथी घातली.

"यंदा लिंपायचं नाय. नुसतं झाकण ठेवा. जिचं पोर रडंल ती येऊन घेईल."

"आनि देवू?" ठकीने विचारलं.

"देवूला मी बघते."

देवूने पुढे एक-दोनदा धान्य नेलंच. उंदरांनीही खाल्लं. तरी बायांनी माझं तोंड पुन्हा लिंपलं नाही. मंडळ मोठं झालं, पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि मी या कोपऱ्यात पडले. त्या कोठ्यांना कुलूप नाही.

मित्रांनो, साठवण जरूर करा आणि ती जपायला नियमही करा. पण नियम करताना आपल्यात सगळ्यात धाकटं कोण आहे, ते आधी पाहा. त्याला थांबता येत नाही.