दहावं नाव

स्कॉलरशिपची पोरं माझ्या खिडकीसमोर रांग लावतात तेव्हा मला त्यांचे चेहरे दिसत नाहीत, विषयांची क्रेडिट दिसतात. तेलुगू मुलखातल्या, सीमेलगतच्या मावल्याच्या एका खाजगी डिग्री कॉलेजात मी, हर्षदीप, चौदा वर्षं कारकुनी करतो आहे. माझ्यासारखा चोख माणूस इथे दुसरा नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

यंदा वरून नवं फर्मान आलं. ज्यांची फी सरकार भरतं त्या प्रत्येकाचा तक्ता तपासायचा. घेतलेला कुठला विषय डिग्रीत धरला जातो, कुठला नाही, ते पाहायचं. जो धरला जात नाही, त्याच्यापायी फी बंद. मी डोळ्यांत तेल घालून एकशे ऐंशी तक्ते तपासले आणि सदतीस नावांवर लाल रेघ ओढली. एक पोरगा खिडकीशी रडायला लागला. रडण्याला क्रेडिट नसतं, असं मी त्याला म्हणालो. मागची पोरं हसली. मलाही बरं वाटलं.

मग प्रगतीचा तक्ता आला. ही जवळच्या बेला गावची, वांगी-टोमॅटो लावणाऱ्या घरातली, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षी तिची दुसरी भाषा तेलुगू होती, दुसऱ्या वर्षी मराठी. नियम असा, की ही भाषा शेवटपर्यंत एकच हवी. म्हणजे तिची मराठीची सगळी क्रेडिट बाद. ती बाद झाली की फी बंद, आणि फी बंद झाली की परीक्षेचा फॉर्म नाही. भाजी विकून कॉलेजची फी भरणं तिच्या घराला जमणारं नव्हतं.

आता खरं सांगतो. ती भाषा मीच बदलली होती. मराठीच्या वर्गाला निदान दहा नावं लागतात, नाहीतर कॉलेज वर्गच बंद करतं. त्या वर्षी नऊ झाली होती, आणि मराठी शिकवणारी बाई म्हणजे माझी बायको, सपना. मी प्रगतीला खिडकीशी बोलावलं. म्हटलं, "तेलुगूत काऊन डोकं फोडून राह्यली? आपली भाषा घे, घरबसल्या पास होशीन." ती हसली आणि फॉर्मवर सही केली. नियम मी पाहिला नव्हता. पाहायची गरजच वाटली नाही. आपल्याकडची पोरगी, आपलं म्हणणं कशाला मोडेल?

अजूनही तिची फी वाचत होती. 'चूक कॉलेजची आहे' अशी एक ओळ मी लिहायची होती, बस. पण मग ती चूक कोणी केली आणि कशापायी, हेही निघालं असतं. सपनाची नोकरी गेली असती, माझी खुर्ची गेली असती. मी घाबरलो. मी लिहिलं, 'विद्यार्थिनीने स्वतःच्या इच्छेने भाषा बदलली.'

तपासणीला आलेल्या मॅडम वरंगलकडच्या, त्यांना मराठी येत नव्हतं. अशा अडलेल्या पोरांना त्या समोर बसवून स्वतः विचारायच्या. मी प्रगतीला व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम तेलुगूत विचारतीन. तू घाबरू नको, मराठीत सांग. मी त्याईले समजावून देतो."

"हो सर. तुमी हाये म्हणून बरं हाये," ती म्हणाली.

आत गेल्यावर मॅडमनी तेलुगूत विचारलं, भाषा का बदलली? मी तो प्रश्न तिला मराठीत सांगितला.

"तेलुगूत मी पास झाली होती," प्रगती मॅडमकडे बघत सरळ म्हणाली. "मी बदलणार नव्हती. सरांनी मराठी घ्याले लावली. फारम बी त्याईनंच भरला."

मी मॅडमकडे वळलो आणि तेलुगूत म्हणालो, "तेलुगू जड जात होतं म्हणते. कॉलेजनं समजावलं, पण हिनंच हट्ट धरला."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. बाई भली होती, नुसती सही करून मोकळी होणारी नव्हती. तिनं थेट प्रगतीला विचारलं, "अवुना?" असंच आहे का?

प्रगती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली.

"अवुनु, मॅडम." होय.

मॅडमनी सही केली. पोरीची फी बंद झाली.

बाहेर आल्यावर मला मोकळं वाटत होतं. पेपरात पास झाली तरी बोललेलं तेलुगू हिला कुठलं कळतंय, बिचारीनं काही न समजताच होकार दिला असणार, असं मी धरून चाललो. तिच्या खांद्यावर थोपटून म्हणालो, "मी लय कोशिश केली, बेटा."

"मले तेलुगू समजते, सर," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. विचारलं, "मंग हो काऊन म्हणली?"

"माहा लहाना भाऊ, अनुप, औंदा इथंच फर्स्ट इयरले लागला. त्याचे कागद बी तुमच्याच हातात हायेत." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "त्याचं नीट करजा, सर. मी कोणाले काई सांगणार नाई."

मला लाज वाटायला हवी होती. मी तिला म्हणालो, "सोमवारी पाठव त्याले."