चौदावी टाकी

निकिताने डॉक्युमेंट डेटाबेस निवडला तो शेतकऱ्यांच्या डायऱ्या पाहून. ती जिच्यासाठी सॉफ्टवेअर बनवत होती त्या विंचूरजवळच्या शेतकऱ्यांच्या द्राक्ष कंपनीचे एकशे चाळीस सभासद, आणि एकाची डायरी दुसऱ्यासारखी नाही. कुणी छाटणीपासून पाण्याच्या तपासणीपर्यंत सगळं लिहिलेलं, कुणी नुसतं औषध आणि तारीख. मग एका प्लॉटची माहिती असेल तशी एकत्र ठेवावी. प्लॉट उघडला की सगळं समोर. तिचा सहकारी विश्वेश पहिल्या दिवसापासून रिलेशनलच्या बाजूने होता. शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा, प्लॉटचा वेगळा, फवारणीचा वेगळा, आणि क्रमांकांनी ते एकमेकांना जोडलेले.

"तुझी ती पेटी आहे, निकिता. काहीही टाक आणि झाकण लाव."

"आणि तुझा सरकारी फॉर्म. रकाना नसला की माणूसच नाही."

दोन महिने खपून तिने काम उभं केलं. फेब्रुवारीत तोडणी सुरू झाली आणि परीक्षेचा दिवस आला. प्रत्येक औषधाला फवारणीपासून तोडणीपर्यंत ठरलेले दिवस असतात. त्याआधी माल काढला तर निर्यातीच्या तपासणीत औषधाचा अंश सापडतो आणि सगळ्यांचा मिळून भरलेला कंटेनर अडकतो. दिवस भरलेले प्लॉट निकिताच्या स्क्रीनवर हिरवे दिसत, बाकीचे लाल.

समोर बसलेल्या गोरक्ष या सभासदाचा प्लॉट हिरवा होता.

"मॅडम, उद्याचे मजूर सांगून ठेवलेत. चिठ्ठी द्या म्हणजे मी मोकळा."

निकिताने तोडणीची चिठ्ठी छापली. त्यावर औषधांची खोली सांभाळणाऱ्या कुसाबाईंची सही लागे. कंपनीचा जुना नियम. कुसाबाईंनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"याला कसं सोडता? चौदावी टाकी याच्यावर बी गेलीय."

गोरक्ष हसला. "मावशी, ती रविराजदादाच्या बागेची."

"बागेवर मारून उरलेलं कुठं गेलं?"

गोरक्षचं हसू ओसरलं. रविराज त्याचा थोरला भाऊ. बागा बांधाला बांध लागून, फवारणीचा ब्लोअर दोघांत एक. टाकीत औषध उरलं तर ते ओतून द्यायचं नाही, भावाच्या ओळींवर मारायचं, अशी त्यांच्या घरची रीत.

"दोनच ओळी मारल्या, मावशी. तेवढ्यानं काय होतंय?"

"तपासणीला नेमका त्याच ओळीतला घड उचलला म्हंजे? मग साऱ्यांचाच माल बसला का घरी?"

निकिताने रविराजचा प्लॉट उघडला. फवारणी होती, चोवीस दिवसांपूर्वीची. औषधाला तीस लागत. खाली शेऱ्यात रविराजने प्रामाणिकपणे लिहिलंही होतं: उरलेलं गोरक्षकडं. तिच्या पेटीने ते निमूट ठेवून घेतलं होतं. पण गोरक्षच्या बाजूने पाहणाऱ्याला ते दिसायला वाटच नव्हती.

"मावशी, औषध देताना तुम्ही लिहिता ती वही बघू?"

वहीत एकेका ब्लोअरचा वेगळा भाग, आणि त्यात प्रत्येक टाकीला एक पान होतं. वर क्रमांक, औषध, तारीख. खाली ती टाकी जिथे जिथे गेली ते प्लॉट. भागाच्या शेवटी प्रत्येक प्लॉटला एक ओळ, आणि त्यात फक्त टाक्यांचे क्रमांक. गोरक्ष: ३, ७, ११, १४.

"इथे परत औषधाचं नाव नाही लिहीत?"

"कशाला? धा जागी लिहिलं आन् एका जागी चुकलं, तर खरं कंचं धरायचं? एकदाच लिहायचं. नंबर दिला की पान सापडतं."

विश्वेश मागे येऊन उभा होता. "हेच शिकायला आम्हाला अख्खं सेमिस्टर लागलं," तो हळूच म्हणाला. निकिता पानं उलटत राहिली. एकही खाडाखोड नव्हती. इतकी नेटकी रचना तिने कामाच्या ठिकाणी क्वचितच पाहिली होती.

गोरक्षने मजुरांना फोन करून सहा दिवस पुढचं सांगितलं. "आमच्या घरातलं आमच्या आधी मावशीला कळतं," तो कुरकुरला.

"औषध माझ्या कपाटातून जातं बाबा. रिकामी बाटली परत घेताना टाकी कुठं कुठं गेली ते इचारूनच लिहिते. मला नाय कळायचं तर कोणाला?"

दुपारी निकिताने फळ्यावर तक्ते काढले: टाक्या, प्लॉट, आणि मध्ये दोघांना जोडणारा तिसरा. डायऱ्यांतलं बाकीचं सुटं लिखाण प्लॉटच्या तक्त्यातच एका मोकळ्या रकान्यात जसंच्या तसं राहील.

"दोन महिन्यांचं काम गेलं की गं," विश्वेश म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

"तीन आठवड्यांत परत होईल. तोवर मावशींच्या वहीवरून चिठ्ठ्या द्यायच्या."

कुसाबाईंनी फळ्यावरचा एकेक तक्ता वाचला. मग मधल्या तक्त्यावर बोट ठेवलं. "टाकी कुठं गेली ते हाय. किती गेली ते कुठं लिहायचं?"

निकिताने वही पुन्हा पाहिली. प्रत्येक प्लॉटच्या नावापुढे बारीक अक्षरात लिटर लिहिलेले होते. ते तिलाही दिसले नव्हते, विश्वेशलाही नाही. तिने मधल्या तक्त्यात एक रकाना वाढवला आणि खडू कुसाबाईंच्या हातात दिला.

"आणखी काय राहिलंय, मावशी?"