खालच्या पायरीवरचा पाय

मी हॉफरांच्या दुकानातली शिडी बोलतेय. दचकलात? दचकू नका. या दुकानात दचकण्यासारखं दुसरं बरंच काही आहे, तिकडे मी येतेच आहे. त्या मानानं शिडीनं बोलणं म्हणजे काहीच नाही.

मी घडीची शिडी. पुढे सात पायऱ्या, मागे नुसत्या आडव्या पट्ट्या, आणि दोन्ही बाजू फाकू नयेत म्हणून मधे एक लोखंडी कडी. उत्तरेकडच्या जंगलातलं माझं लाकूड. कारखान्यात मला तासलं, पिवळा रंग फासला आणि अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात वेबर्ग गावी पाठवून दिलं. आले होते विकण्यासाठीच. पण वरच्या फळीवरचे रंगाचे डबे काढायला डेल्बर्ट हॉफरला मी बरी वाटले, आणि माझी विक्री राहूनच गेली.

तुम्ही माणसं चेहऱ्यावरून ओळखता, मी पायांवरून. कोण जाड झालंय, कोण घाबरलंय, कोण घरी भांडून आलंय, सगळं पाय ठेवल्याबरोबर कळतं मला. डेल्बर्टचा डावा बूट बाहेरच्या अंगाला झिजलेला असायचा आणि टाचेतला एक खिळा जरासा वर आलेला. आख्खं दुकान खिळ्यांचं, पण स्वतःच्या बुटाचा खिळा ठोकायला त्याला सवड नव्हती. तो खिळा माझ्या खालच्या पायरीला टोचायचा. पुढेपुढे त्याचा राग येईनासा झाला.

माझं नशीब फळफळलं ते एका मार्चात. वेबर्ग कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ लीगमध्ये पहिला आला, आणि तोही नदीपलीकडच्या सेंट ऑर्विन कॉलेजला हरवून. ही दोन कॉलेजं एकमेकांना पाण्यात पाहतात. जिंकलेल्या संघानं शिडीवर चढून बास्केटची जाळी कात्रीनं कापून न्यायची, असा इकडचा रिवाज. पण वेबर्गवर ती वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळे कॉलेजात शिडीच नव्हती! माणसं धावत आली आणि मला उचलून घेऊन गेली.

एकेक पोरगा वर चढत होता, एकेक धागा कापत होता, खाली सगळं गाव रडत होतं. डेल्बर्ट माझ्या खालच्या पायरीवर डावा पाय दाबून, दोन्ही हातांनी मला धरून उभा होता. पोरं पडू नयेत एवढंच त्याच्या डोक्यात. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशीच्या फोटोत सगळे हसताना दिसतात आणि डेल्बर्टची नुसती टोपी दिसते.

तेव्हापासून गावात पायरीचा शनिवार सुरू झाला. ऑक्टोबरात संघाचा सराव सुरू होण्याआधीच्या शनिवारी मला दुकानाच्या मधोमध उघडायचं. लीगमध्ये कॉलेजं सात, माझ्या पायऱ्याही सात. सगळ्यात वरची म्हणजे पहिला नंबर, सगळ्यात खालची म्हणजे शेवटचा. ज्याची जेवढी आशा तेवढं त्यानं चढायचं आणि मोठ्यानं सांगायचं. मग मार्चपर्यंत शब्द फिरवायचा नाही.

काय गर्दी व्हायची! सफरचंदाचा गरम रस, डोनट, आणि जो तो जाणकार. शाळेची बस चालवणारा लोनी सहाव्या पायरीवर उभा राहून भाषण ठोकायचा.

"यंदा आपला बचाव बघा! भिंत आहे भिंत!"

"भिंतच आहे," खालून एमरी म्हणायचा. "जागची हलत नाही."

हा एमरी म्हणजे जुना पोस्टमन. जन्म सेंट ऑर्विनचा, बायको वेबर्गची. तिच्यापायी इथे राहिला, पण मन नदीपलीकडेच.

"ए एमऱ्या, तू मागनं चढ! सेंट ऑर्विनवाल्यांना पुढचं दार बंद आहे." लोनी वरून ओरडायचा.

"मागनं तर मागनं. वर पोचल्याशी मतलब. आधी तुमच्या पोरांना बॉल कुठला आणि भोपळा कुठला ते शिकवा!"

असं म्हणून म्हातारा खरोखरच माझ्या मागच्या पट्ट्यांवरून चढायचा. हसून हसून लोकांच्या पोटात दुखायचं.

सगळ्यात शेवटी यायची ऑर्लीन, डेल्बर्टची बायको. तिची पायरी ठरलेली, सगळ्यात वरची. संघ कितीही दरिद्री असो. चढण्याआधी ती खाली बघून विचारायची, "धरलंयस ना?"

"धरलंय. तू चढ."

एवढंच. दर वर्षी तेच शब्द. डेल्बर्ट स्वतः कधी चढला नाही. लोकांनी आग्रह केला की म्हणायचा, "मी चढलो तर धरणार कोण?"

त्यांचा मुलगा ग्रेडी आधी त्या संघात खेळला आणि पुढे त्याच संघाचा कोच झाला. कोचनं माझ्यावर चढायचं नाही, तो अपशकुन, असं गावानं ठरवून टाकलं होतं. त्यामुळे ग्रेडी पायरीच्या शनिवारी दुकानात फिरकायचा नाही. बिचाऱ्याच्या वाटचं ओझं मात्र सगळा गाव मिळून माझ्यावर चढवायचा.

मग एका वसंतात डेल्बर्ट गेला. दुकानातच, गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवता दाखवता. मला फार वाईट वाटलं. त्या उन्हाळ्यात मला कुणी हातही लावला नाही. कोपऱ्यात धूळ खात उभी होते.

ऑक्टोबर आला. ऑर्लीननं मला पुसलं, उघडलं. मला धरायला आता कुणी नाही, हे गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोनी चढला, बाकीचे चढले. ऑर्लीन चढू लागली तेव्हा सवयीनं तिनं खाली पाहिलं, ओठ हलवले, आणि न विचारताच वर गेली. ती सातव्या पायरीवर पोचली आणि माझी खालची पायरी करकरली.

तिथे कुणी नव्हतं.

मला मात्र पाय लागला होता. बाहेरच्या अंगाला झिजलेला. वजन पुरेपूर होतं, ऊब अजिबात नव्हती. विहिरीच्या तळाचा दगड ठेवावा तसा गारठा माझ्या लाकडात चढला. आणि तो खिळा टोचला.

सगळ्यांनी खाली पाहिलं. कुणीतरी म्हणालं, लाकूड आहे, थंडीनं वाजतं. एमरीच्या जिभेला हाड नाही, तो बोलून गेला, "डेल्बर्टनं सांगितलं रे! यंदा शेवटचा नंबर!"

लोक हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. त्या हिवाळ्यात वेबर्ग शेवटचा आला.

यात माझा काडीचा संबंध नव्हता हो. पोरांचे नेम चुकत होते, दोघांचे गुडघे दुखावले होते. पण ऑक्टोबरात या माणसांना प्रत्येक आवाजात निकालच ऐकू येतो. कुत्रं भुंकलं तरी विचारतील, किती वेळा भुंकलं? दुसऱ्या वर्षी लोक माझ्यापासून चार हात लांब उभे राहिले. ऑर्लीन वर पोचली, खालची पायरी करकरली, दोन बायका दार उघडून बाहेर पळाल्या. बोलाफुलाला गाठ पडावी तसा संघ पुन्हा शेवटचा आला.

झालं. मेलेला डेल्बर्ट खोटं बोलत नाही, असं गावात पक्कं झालं. आणि खेळणाऱ्या पोरांच्याही कानावर ते गेलं. आपण हरणार हे आधीच ठरलंय असं वाटलं की कोण जीव तोडून धावेल? कॉलेजनं ग्रेडीला सांगितलं, येता हिवाळा शेवटचा. त्यातही तळाला राहिलात तर दुसरा कोच बघू.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना ऑर्लीन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या खालच्या पायरीकडे बघून बोलू लागली.

"चाळीस वर्षं संसार केला. कधी वावगं बोलला नाहीस. आणि मेल्यावर पोटच्या पोराच्या मुळावर उठलास? लाज नाही वाटत, डेल्बर्ट?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बाई, तसं नाही! पण मी लाकूड. मला फक्त करकरता येतं, आणि माझ्या करकरण्याचा ही माणसं काय अर्थ लावतात ते तुम्ही पाहिलंतच.

यंदाचा ऑक्टोबर उजाडला तो वेगळाच. सेंट ऑर्विनचा सगळ्यात उंच पोरगा तिथलं कॉलेज सोडून वेबर्गला आला होता. लोकांच्या डोळ्यांत पुन्हा आशा दिसायला लागली होती.

"आमच्या अंगणातला ताड उपटून नेलात, चोरांनो!" एमरी तणतणत आला. "त्याला आम्ही खाऊपिऊ घातलं!"

"मग सावली आम्हाला देऊ दे की आता," लोनी म्हणाला. पण चढायला पुढे होईना. सगळ्यांची नजर माझ्या खालच्या पायरीवर.

ऑर्लीन आतून आली. हातात मोठ्या खिळ्यांची जड पेटी. ती पेटी तिनं दाणकन माझ्या खालच्या पायरीवर ठेवली.

"आज इथे कुणी उभं राहायचं नाही," ती म्हणाली. "ज्याला समजायचं त्याला समजेल."

"ऑर्लीन, मेलेल्या माणसाशी असं वागू नये गं," एमरी हळूच म्हणाला. त्याचा आवाज आज चेष्टेचा नव्हता.

"तू गप. तू तर पलीकडचा."

लोनीच्या खांद्याचा आधार घेऊन ती पेटीवरून एकदम दुसऱ्या पायरीवर आली. प्रत्येक पायरीवर ती पाय आपटत होती. रागानं की दुःखानं, ते मला कळेना. ती सातव्या पायरीवर पोचली, तोंड उघडलं, आणि माझी कडी निसटली.

किती वर्षांची गंजकी कडी ती! माझे पाय तेलकट फरशीवर फाकू लागले. मला ते थांबवता येत नव्हतं. माझ्यावर सत्तरीची बाई, खाली लोखंडाची पिंपं. लोनी ओरडला, पण तिला चढवून तो लगेच लांब सरकला होता. सगळेच लांब उभे होते, मीच तर त्यांना दूर पळवलं होतं.

तेवढ्यात खिळ्यांची पेटी उडाली. पडली नाही, उडाली. कुणीतरी लाथ मारावी तशी. खिळे दुकानभर पसरले. आणि खालच्या पायरीवर तो पाय आला, सगळ्या ताकदीनिशी. दोन्ही बाजूंना गार हात आले. मी जिथल्या तिथे थांबले.

एक खिळा लांबवर घरंगळत गेला, तेवढाच काय तो आवाज.

"ऑर्लीन," एमरी म्हणाला, "शिडी सरकत होती. मी बघितलं. सरकत होती, आणि थांबली." त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

वरून ऑर्लीन खाली बघत होती. मग अगदी बारीक आवाजात, दोन वर्षांत न विचारलेलं तिनं विचारलं.

"धरलंयस ना?"

खालची पायरी एकदा करकरली.

ती तिथेच वर, माझ्या माथ्याला मिठी मारून रडली. "मला वाटलं तू नंबर सांगतोस," ती म्हणत होती. "मेल्या, मला वाटलं तू नंबर सांगतोस." लोनीसुद्धा रडला. तिला उतरवून घेतलं, खिळे गोळा केले, आणि त्या दिवशी दुसरं कुणी चढलं नाही. मला मिटायचं धाडसही कुणी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर ग्रेडी आला. गावातून सगळं ऐकलं असणार. बंद दुकानात तो माझ्याभोवती फिरला, वाकून बघितलं.

"आई, कडी सुटलेली आहे. हे चारही पाय घसरायला हवेत. ही उभी कशी राहिली आहे?"

"बाबा धरून उभे आहेत," ऑर्लीन म्हणाली. पोळी तव्यावर आहे म्हणावं इतक्या साधेपणानं.

ग्रेडी गुडघ्यावर बसला. त्यानं हळूच माझ्या खालच्या पायरीवर तळवा ठेवला आणि चटकन काढून घेतला. मग पुन्हा ठेवला, आणि राहू दिला.

"चढू का?" त्यानं विचारलं.

"कोच चढत नाही म्हणतात."

"म्हणू दे. कितव्या पायरीवर जाऊ?"

"ते तुझं तू ठरव. बाबांना कुठे ठाऊक आहे निकाल? ते नुसते धरतात."

ग्रेडीनं बूट काढले आणि चढला. इतक्या वर्षांत त्याचा पाय मला पहिल्यांदा लागला. आधी फार जड होता. पायरीगणिक हलका होत गेला. तो कितव्या पायरीवर थांबला ते मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच त्यातही निकाल ऐकाल.

पहिला सामना आता तोंडावर आला आहे. मी अजून दुकानाच्या मधोमध उघडीच उभी आहे. कडी ऑर्लीननं दुरुस्त करू दिलेली नाही. गिऱ्हाइकं वळसा घालून जातात, काही जण हळूच नमस्कार केल्यासारखी मान लववतात. मार्चात मला कॉलेजात न्यायची वेळ येईल की नाही, खरंच मला माहीत नाही. न्यावं असं फार वाटतं. जाळीखाली उभं राहायला आम्ही दोघंही तयार आहोत.

तुम्हीही कधी या. आशा वाटेल तेवढं वर चढा, मी नको म्हणणार नाही. फक्त खालच्या पायरीवर पाय जरा बेतानं ठेवा. तिथे आधीच एक पाय आहे.