पायाचा नळ

मुकुंदवाडीच्या त्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला वर्षानुवर्षं आइस्क्रीमच्या काड्यांचे पेन स्टँड होत आले होते. मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांच्या कपाटावर त्यांची रांगच लागलेली होती आणि सर स्वतः मात्र पेन खिशाला लावत. सुलेखा हिवराळे विज्ञान शिकवायला तिथं आली, तिनं ती रांग पाहिली आणि सरांच्या मागं लागून लागून शनिवारचे दोन तास आपल्याकडं घेतले. काय करणार त्या तासाला, असं सरांनी विचारलं, तर म्हणाली, मुलांना इंजिनिअरिंगची गोडी लावणार. सर हसले. आधी त्यांना दहावी तर पास होऊ द्या, म्हणाले.

सुलेखाचं म्हणणं नेमकं उलटं होतं. दहावी झाल्यावर फार उशीर होतो, हे ती स्वतःवरून सांगू शकत होती. तिचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. घरात इंजिनिअर हा शब्द रोज यायचा, पण त्याचा अर्थ एवढाच, की इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि ओरडतो. तो नेमकं करतो काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दहावीला मार्क चांगले पडले, डिप्लोमाला नंबर सहज लागला असता. पण जे कधी पाहिलंच नाही ते मागायचं कसं? मग बी.एस्सी. झालं, बी.एड. झालं. शिक्षिका झाल्याचं तिला दुःख नव्हतं, उलट वर्गात पाऊल टाकलं की तिचा जीव हरखायचा. पण समोरच्या बाकांवर बसलेली निम्मी पोरं तशाच घरातली होती. बापाची पहिली पाळी कधी, बस कुठल्या चौकात थांबते, हे त्यांना तोंडपाठ. मात्र दाराची कडी असो की गाडीचं गिअर, ते आधी कुणाच्या तरी डोक्यात आलेलं असतं, तो कुणीतरी चार वेळा चुकलेला असतो, आणि तो कुणीतरी तू असू शकतोस, तू असू शकतेस, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते आपण सांगायचं, असं सुलेखानं मनाशी घेतलं होतं.

तिनं दोन नियम केले. शाळेतली एखादी अडचण मुलांनीच शोधायची आणि मुलांनीच सोडवायची, हा पहिला. मॅडम कशालाही हात लावणार नाहीत, हा दुसरा. या दुसऱ्या नियमाला कारण होतं. आपल्याकडं विज्ञान प्रदर्शन म्हटलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षक जागून ज्वालामुखी करतात, कुणाचा तरी काका वायरी जोडून देतो आणि मूल गळ्यात बिल्ला अडकवून माहिती घडाघडा म्हणतं. परीक्षकांनी मध्येच काही विचारलं, की बिचारं पुन्हा 'आदरणीय परीक्षक'पासून सुरू करतं. सुलेखाला त्या ज्वालामुखींचा वीट आला होता.

मुलांना अडचण शोधायला लांब जावं लागलं नाही. शहरात पाणी आठवड्याने येतं, कधी तेही नाही. शाळेची टाकी मग टँकरनं भरायची. खिचडी खाऊन झाली की हात धुवायला झुंबड उडे आणि पाचवीची बारकी पोरं नळ तसाच चालू ठेवून खेळायला पळत. दुपार सरायच्या आत टाकी कोरडी. यावर नववीतल्या अपेक्षानं डोकं चालवलं. अपेक्षा दाभाडे ही बोलायला कमी आणि खोलून बघायला पुढं अशी मुलगी. नळ पायानं चालला तर, असं तिनं विचारलं. फळीवर पाय दिला की तारेनं नळाची दांडी ओढली जाईल, पाणी येईल. पाय काढला की स्प्रिंग दांडीला परत जागेवर नेईल, पाणी बंद. चालू ठेवून पळायची सोयच नाही. तिच्या वर्गातला सुयश, ज्याचं तोंड कधी मिटत नसे, तो तिच्या हाताखाली काम करायला लागला. तार अपेक्षाच्या घरच्या सायकलच्या ब्रेकची होती. ती वडिलांना सांगून आणली होती की न सांगता, ते सुलेखानं मुद्दाम विचारलं नाही.

काम रंगात आलं आणि सुलेखाला मतदारयाद्यांच्या ड्युटीचा आदेश आला. लागोपाठचे शनिवार ती गल्लीगल्लीत दारं वाजवत फिरली. पोरं तिच्यावाचून अडली नाहीत. ती परत आली तेव्हा नळ भिंतीवर बसलेला होता, खाली फळी, मधे ताणलेली तार. तिनं पाय दिला आणि हातावर पाणी आलं. सुलेखाला भरून आलं. तिनं अपेक्षाच्या पाठीवर थाप दिली, ती अंमळ जोरातच बसली.

त्याच आठवड्यात बद्रीनाथ सरांनी तिला बोलावून घेतलं. शुक्रवारी शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी शाळा पाहायला येणार होते. सर माणूस वाईट नव्हता, पण पालक रोज येऊन गणिताचे जादा तास मागत होते आणि सरांना झोप लागत नव्हती. ते म्हणाले, मॅडम, साहेबांना तुमचा नळ दाखवू. त्यांनी वाखाणला तर शनिवार तुमचा. नाही तर ते दोन तास गणिताला देतो, मग माझ्याशी वाद घालायचा नाही. सुलेखानं मान डोलावली. तोवर नळ पोरांच्या रांगेला खुला करायचा नाही, असंही ठरलं.

तेव्हापासून तिला त्या नळात एकच गोष्ट दिसू लागली. तो गळत होता. पाय काढला तरी दांडी पुरती मागं जात नव्हती आणि थेंब थेंब पाणी पडतच राहायचं. पाणी वाचवायचा नळ आणि तोच गळका. साहेबांनी पहिलं बोट त्यावरच ठेवलं असतं. सुलेखाला वाटलं, पोरांना सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर हिरमुसतील, ऐन वेळी घाबरतील. एवढीशी स्प्रिंग तर बदलायची, त्यात काय मोठं. नवऱ्याला, राजकुमारला, तिनं वाळूजहून येताना जरा कडक स्प्रिंग आणायला सांगितली. राजकुमार तिथंच एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्यानं आणून दिली आणि सहज विचारलं, पोरांनी मागितली का? सुलेखा हो म्हणाली आणि भाजी ढवळायला लागली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती मागं थांबली. पदर खोचला, जुनी स्प्रिंग काढून पर्समध्ये टाकली, नवी बसवली. पाय देऊन पाहिला, पाणी आलं. पाय काढला, खट्कन बंद. एक थेंब नाही. घरी जाताना ती रिक्षात गाणं गुणगुणत होती. नियम आपण केला होता आणि आपणच मोडला, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण माया आंधळी असली की माणूस असल्या गोष्टी लक्षात येऊनही पुढं सरकवतो.

शुक्रवारी साहेब आले. सुयशनं तोंडाचा पट्टा सोडला, तार कुठून कुठं जाते ते सांगितलं, साहेब मान डोलावत होते. बद्रीनाथ सरांचा चेहरा फुलत चालला होता. मग साहेब म्हणाले, हा नळ लहान मुलांसाठी ना? मग त्यांच्यातलंच कुणीतरी वापरून दाखवा. पाचवीची मेघा पुढं आली. काडीसारखी पोर. तिनं फळीवर पाय दिला. काही झालं नाही. तिनं दोन्ही पाय दिले. मग उडी मारली. फळी हलायला तयार नाही. मागं पोरं फिदीफिदी हसायला लागली. बद्रीनाथ सर घाईघाईनं पुढं झाले आणि त्यांनी आपला बूट फळीवर ठेवला. पाण्याची धार अशी आली की त्यांची पँट भिजली.

"सर, हा नळ तुमच्यासाठी केलाय का?" साहेबांनी विचारलं.

सगळे हसले. अपेक्षा हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती नळाकडं, मेघाच्या पायांकडं, पुन्हा नळाकडं बघत होती. मग तिनं मान खाली घातली.

"आमचंच चुकलं असंल, सर," ती म्हणाली.

सुलेखा गप्प बसली असती, तर हे निभावून गेलं असतं. साहेब गेले असते, प्रयत्न चांगला होता असं कुणीतरी म्हटलं असतं. आणि ही मुलगी घरी जाऊन मनाशी ठरवून टाकणार होती, की हे आपलं काम नव्हे. एकदा असं ठरलं की ते बदलायला कुणी येत नाही, हे सुलेखाइतकं तिथं कुणाला ठाऊक होतं? शनिवार जायचा असेल तर जाऊ दे, पण हे असं नको.

"साहेब, मुलांचं काहीही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "यातली स्प्रिंग मी बदलली. काल संध्याकाळी, त्यांना न सांगता."

बद्रीनाथ सरांनी डोळे मिटून घेतले. अपेक्षा खाली बसली, तिनं स्प्रिंगला बोट लावून पाहिलं. तिला राग आला असता तर सुलेखाला बरं वाटलं असतं. पण ती नुसती समजावून सांगायला लागली, वर्गात सुलेखा सांगायची तशीच, सावकाश.

"मॅडम, आमी बी आधी कडक स्प्रिंगच लावली व्हती. पण मेघाला दबंना. पाचवीत सगळ्यात हलकी हीच हाय, म्हणून हिच्याच पायानं बघून बघून ढिली लावली. थेंब गळतो ते म्हाईत होतं आमाला. त्याच्याखाली बादली ठेवणार होतो, झाडांना घालायला." तिनं स्प्रिंगवरून बोट काढलं. "तुमी आमाला इचारायचं ना."

चूक झाली, एवढंच सुलेखा म्हणाली आणि ते ती सगळ्या पोरांसमोर म्हणाली.

साहेबांना छावणी भागातल्या एका शाळेत जायचं होतं. पुन्हा कधीतरी बघू, असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. गाडी फाटकाबाहेर पडताच बद्रीनाथ सरांनी व्हरांड्यातच निकाल दिला, उद्याच्या शनिवारपासूनच गणित. सुलेखानं वाद घालायचा नाही असं ठरलंच होतं, आणि आज तिच्याजवळ घालायला वाद नव्हताही.

ती नळाजवळ परत आली तेव्हा सुयशनं कडक स्प्रिंग काढून टाकलेलीसुद्धा होती. तिनं पर्समधून जुनी काढून दिली. लावायला मदत करते, म्हणून ती वाकली, तर सुयश अगदी आदरानं म्हणाला की मॅडम, तुम्ही सावलीत उभ्या राहा. ती मुकाट्यानं सावलीत जाऊन उभी राहिली.

खिचडी झाली. पाचवीची रांग लागली. मेघानं फळीवर पाय ठेवला आणि पाणी आलं. तिनं पाय काढला, धार थांबली, बादलीत टपटप सुरू झालं. तिनं पुन्हा पाय ठेवला. मागची पोरं ओरडेपर्यंत ती पाय ठेवत आणि काढत राहिली. सुलेखाला त्या पोरीची दृष्ट काढावीशी वाटली. अपेक्षा मात्र मेघाकडं बघतच नव्हती, तिचे डोळे दांडीवर होते.

शाळा सुटल्यावर बद्रीनाथ सर टाकीपाशी गेले. टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या रोज त्यांनाच कराव्या लागत, त्यामुळं टाकीची त्यांना फार काळजी. त्यांनी बोटांनी टाकी वाजवून पाहिली. खाली वाजवली, मग जरा वर. मग चढून झाकण उघडून आत डोकावले. पाणी होतं. बऱ्यापैकी होतं. सर खाली उतरले. मग चालत सुलेखाकडं आले आणि भलतीकडंच बघत म्हणाले, की पाण्याच्या हौदापाशी दुसरा एक नळ आहे, तोही असाच वाहतो. या शनिवारी त्याचं काही होईल का?

सुलेखानं गणिताचं विचारलं. गणिताला मी पोरांना सकाळी लवकर बोलावतो, सर म्हणाले, तुम्ही नळाचं बोला.

होय सर, करून देते, हे शब्द सुलेखाच्या जिभेवर अगदी आले होते. आजवर तिनं कुठल्याही मुख्याध्यापकाला दुसरं उत्तर दिलं नव्हतं. तिनं ते गिळले.

"मुलांना विचारून सांगते," ती म्हणाली.

सर तिच्याकडं बघतच राहिले. ती फाटकाकडं गेली. अपेक्षा आणि सुयश दप्तरं पाठीला लावून निघाले होते. सुलेखानं हौदाजवळच्या नळाचं सांगितलं, मुख्याध्यापकांनी विचारलंय म्हणाली, घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सुयश हो म्हणायला तोंड उघडत होता, अपेक्षानं त्याला कोपर मारलं. तिनं हौदाकडं एकदा पाहून घेतलं. दुपारपासून मॅडमकडं तिनं सरळ बघितलं नव्हतं, ते आता बघितलं.

"घेऊ की, मॅडम," ती म्हणाली. "फक्त तुमी शाळा सुटल्यावर मागं थांबायचं नाय."

सुलेखा हसली. नाही थांबणार, असं तिनं कबूल केलं आणि त्या दोघांच्या बरोबरच ती फाटकाबाहेर पडली.