झाकण उघडू नका

मित्रांनो, मी एक जुना, चावी देऊन चालणारा सिनेमाचा कॅमेरा आहे. आज माझ्या जिवाची नुसती घालमेल चालली आहे, म्हणून माझी गोष्ट घाईघाईने सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पहिली काही वर्षे मी एका फोटोग्राफरकडे होतो. लोकांची लग्ने आणि वाढदिवस टिपायचो. मला पाहिले की बायामाणसे केस नीट करत, तेव्हा मला फार मोठे झाल्यासारखे वाटे. मग नवे कॅमेरे आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला त्याच्या भाचीने, म्हणजे आमच्या ताईने, उचलले.

तिचा धाकटा भाऊ आणि त्याचे मित्र बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याच्या तळघरात पंक संगीत वाजवत. वाजवत कसले, कानठळ्या बसवत! शहराची दैना झाली होती. कामे गेली होती, रोज कुठला तरी सज्जा कोसळत होता. त्याचा राग ते ओरडून गात. ताई त्यांचे चित्रपट काढी आणि तिथेच भिंतीवर चादर लावून चोरून दाखवी. मला आवाज टिपता येत नाही. "बरंच आहे," भाऊ म्हणे, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझ्या फिल्मची एक बाजू संपली की रीळ उलटवावे लागते, तेही अंधारात. ताई जिन्याखाली जाई, मला काळ्या कोटात गुंडाळी आणि बाह्यांतून हात घालून काम करी. वरून छताची माती गळत राही.

"इथे नको रे आता," त्या शेवटच्या दिवशी ताई भावाला म्हणाली होती.

"एवढी दोन गाणी घे. मग दुसरी जागा बघू."

पहिले गाणे संपले, रिळाची एक बाजूही संपली. "उलटव पटकन," तो म्हणाला. ताई जिन्याखाली गेली, कोटाच्या बाह्यांत हात घातले, आणि मागे छत कोसळले. मित्र जखमी होऊन बाहेर आले. भाऊ आला नाही.

ताईने मला पुन्हा उघडले नाही. फिल्म धुवून घ्यायचा तिला धीर होत नाही आणि मला टाकून देणेही तिला जमत नाही. कोटासकट मी तिच्या कपाटावर आहे. रिळाच्या अगदी बाहेरच्या वेढ्यांवर त्याचे ते शेवटचे गाणे आहे. आत उजेड शिरला तर आधी तेच पुसले जाईल.

आज ताई कामावर गेली आहे. तिच्या लेकीने स्टूल लावून मला खाली काढले आणि कोट बाजूला ठेवला. पोर गुणी आहे, पण मामाला तिने कधी पाहिलेले नाही. "बघू तरी आत काय आहे," ती मैत्रिणीला म्हणाली. तिचा अंगठा माझ्या खिट्टीवर आहे.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. जुन्या वस्तू खुशाल हाताळा, पण उघडण्याआधी घरातल्या माणसाला एकदा विचारा.

थांब ग बाळे. आईला येऊ दे.